जॉब तिरका, प्रोग्रॅम सरळ: फानुकवर जी६८ ने अक्ष फिरवले, पण सगळी भोकं सरकतात

मकरपुरा_सेटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), फानुक कंट्रोल. प्रोब (मशीनला स्वतः मोजू देणारा स्पर्शक) नाही, कड शोधणारा एज फाइंडर आणि बारीक फरक दाखवणारा लिव्हर डायल यांच्यावरच सगळं चालतं.

एका गिऱ्हाइकाच्या जाड बेसप्लेटी यायच्या आहेत. त्यांत दोन डॉवेल बोअर (पिन बसवायची अचूक भोकं) दुसरीकडे आधीच रीम होऊन येणार, मध्यापासून मध्यापर्यंत ३८० मिमी. त्या बोअरच्या हिशेबाने आम्ही बारा टॅपिंगची भोकं आणि एक पॉकेट मारायचं. प्लेट हाताने हलणारी नाही, चेनपुलीने टेबलावर उतरवावी लागते. असं धूड क्लॅम्प सैल करून, मॅलेटने ठोकत डायलवर सरळ आणायचं म्हणजे तेवढा वेळ मशीन नुसतं उभं. शेठ आधी घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे.

म्हणून विचार असा की प्लेट जशी बसेल तशी घट्ट बांधायची, तिचा कोन मोजायचा आणि जी६८ (अक्ष फिरवणारा कोड, जी६९ ने तो बंद होतो) देऊन प्रोग्रॅमच तेवढा फिरवायचा. माल यायच्या आत एका भंगार प्लेटवर चाचणी घेतली. खालची कड कोपऱ्यापासून साधारण २० वर आणि ४०० वर एज फाइंडरने शिवली. एक्समध्ये अंतर बरोबर ३८०, वायमध्ये फरक १.३२६, एक्स वाढला की वायही वाढतो. म्हणजे कोन ०.२ अंश. झिरो (जी५४, म्हणजे जॉबवरचं मापांचं मूळ) डाव्या-खालच्या कोपऱ्यावर घेतला: वाय त्या २० वाल्या टचवरून, एक्स डाव्या कडेवरून, कोपऱ्याच्या ३० वर शिवून.

प्रोग्रॅमचा सांगाडा (मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत; आर म्हणजे कोन):

जी१७ जी४० जी४९ जी८० जी६९
जी९० जी५४
जी६८ एक्स०. वाय०. आर०.२
जी० एक्स४०. वाय२५.
... भोकं ...
जी६९

निकाल बघा. भोकांची आपसातली अंतरं अचूक. ओळ खालच्या कडेला समांतर. पण सगळीच्या सगळी भोकं डाव्या कडेपासून ०.१ ने कमी आणि खालच्या कडेपासून ०.०७ ने जास्त. कोन चुकला म्हणावं तर लांबचं भोक जास्त चुकायला हवं, इथे सगळी सारखीच सरकलीत. एखादा पॅरामीटर आहे का?

जुना_फिटर

पॅरामीटर आहे. लाकडी मॅलेट.

चिप्स_आणि_कूलंट

काका 😀

जुना_फिटर

हसू नका. डायल लावून सरळ केलेला जॉब कधी कोणाला विचारत नाही की आर प्लस होता का मायनस. तिसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर जी६८ ची ओळ खाऊन मधूनच प्रोग्रॅम चालू करणार, आणि मग सकाळी तुम्ही इथे दुसरा धागा काढणार.

शून्यबिंदू

काकांच्या मुद्द्याकडे नंतर येते. आधी धागाकर्त्याचं ०.१ आणि ०.०७.

मकरपुराभाऊ, जी६८ ने काम चोख केलंय, पॅरामीटरही ठीक आहे. तुमचा झिरो कोपऱ्यावर नाहीच.

कागदावर काढून बघा. प्लेट घड्याळाच्या उलट दिशेने ०.२ अंश फिरलीय. म्हणजे खालची कड उजवीकडे चढत जाते. ०.२ अंशाचा टॅन ०.००३४९. तुम्ही वाय घेतला कोपऱ्यापासून २० पुढे. तिथे कड कोपऱ्यापेक्षा २० × ०.००३४९, म्हणजे ०.०७ वर आहे. डावी कड वर जाताना डावीकडे झुकते. एक्स घेतला ३० वर. तिथे ती कोपऱ्यापेक्षा ३० × ०.००३४९ = ०.१०५ डावीकडे. तुमचा जी५४ खऱ्या कोपऱ्यापासून एक्समध्ये ०.१०५ डावीकडे आणि वायमध्ये ०.०७ वर पडलाय. भोकं नेमकी तेवढीच सरकली. दूरची-जवळची सगळी सारखी सरकतात, कारण कोन बरोबर आहे, नुसतं मूळच हललंय.

सरळ जॉबला ही भानगड नसते. कड कुठेही शिवा, आकडा तोच. जॉब तिरका झाला की कडेवर *कुठे* शिवलं याला किंमत येते, आणि ही सवय आपल्या हाताला नसते. एज फाइंडरच्या त्रिज्येचं म्हणाल तर एवढ्याशा कोनाला तो फरक मायक्रॉनच्याही खाली जातो, ते डोक्यातून काढून टाका.

भंगार प्लेटवर दुरुस्ती करून बघायची असेल तर जी५४ चा एक्स ०.१०५ ने वाढवा, वाय ०.०७ ने कमी करा.

मकरपुरा_सेटर

ताई, आत्ताच ऑफसेट बदलून त्याच भंगार प्लेटवर दुसऱ्या बाजूला दोन भोकं मारली. कडेपासून मापात आली! मी दोन दिवस पॅरामीटरच्या पुस्तकात डोकं घालून बसलो होतो.

मग आता दर वेळी हा टॅनचा हिशेब करून कोपरा काढायचा?

शून्यबिंदू

नाही. कोपऱ्याला झिरो घ्यायचाच नाही. तुमच्या खऱ्या प्लेटवर दोन बोअर आहेत ना? बोअरचं केंद्र हे केंद्रच असतं, प्लेट कितीही तिरकी असो. पहिल्या बोअरमध्ये डायल फिरवून केंद्र गाठा, तोच जी५४ चा एक्स-वाय झिरो. दुसऱ्या बोअरचं केंद्र तसंच गाठा आणि दोघांच्या मशीन कोऑर्डिनेटमधला फरक लिहून घ्या. कोन = वायचा फरक भागिले एक्सचा फरक, त्याचा आर्कटॅन. फानुकच्या मॅक्रोत (प्रोग्रॅममध्येच गणित करायची सोय) एटॅन[वाय फरक]/[एक्स फरक] असं दोन कंसांत लिहिलं की अंशात उत्तर मिळतं.

दोन फुकटच्या तपासण्या मिळतात, त्या सोडू नका. पहिली: दोन्ही फरकांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ते ३८० च्या आसपास, ड्रॉइंगच्या टॉलरन्समध्ये यायला हवं. आलं नाही तर मोजण्यात गडबड आहे किंवा प्लेटच तशी आलीय. दोन्ही गोष्टी भोक मारायच्या आधी कळलेल्या बऱ्या. दुसरी: जी६८ चालू ठेवून एमडीआयमध्ये (हाताने एकेक ओळ देऊन) एक्स३८०. वाय०. ला जा आणि दुसऱ्या बोअरमध्ये डायल फिरवा. काटा जागचा हलला नाही तर समजायचं की शून्य, कोन आणि चिन्ह तिन्ही बरोबर.

कोनाचं चिन्ह उलटं पडलं असेल तर इथेच दिसेल. ०.२ च्या जागी उणे ०.२ गेलं तर ३८० वर वाय अडीच मिमीपेक्षा जास्त चुकतो, डायल बोअरमध्ये उतरणारच नाही. म्हणून डायल खाली नेताना हँडव्हील हळू.

तरसाली_आयटीआय

वाखुसा (वाचनखूण साठवली). ताई एक शंका. आमच्या जॉबला दोन बोअर एका ओळीत नाहीत, तिरपे आहेत. ड्रॉइंगवर पहिल्यापासून दुसरा एक्स ३००, वाय १२०. तेव्हा एटॅनने आलेला कोन सरळ आर मध्ये टाकला तर?

शून्यबिंदू

तर जॉबचा निकाल लागेल. मोजलेल्या कोनातून ड्रॉइंगचा कोन वजा करायचा. ३०० ला १२० म्हणजे ड्रॉइंगवरच ती रेघ २१.८०१ अंशावर आहे. मशीनवर फरक समजा २९९.५७९ आणि १२१.०४६ आले, तर तो कोन २२.००१. जॉब फिरलाय ०.२ अंश, आर मध्ये ०.२ जाणार, २२ नाही.

वाघोडिया_लाइन

सुंदर चर्चा. थोडी भर, कारण जी६८ ने जितके जॉब बिघडतात त्यातले बरेचसे कोनाच्या गणितात बिघडत नाहीत. ते बिघडतात तो चालू कधी आणि बंद कधी यात.

फानुकचं मॅन्युअल सांगतं की जी६८ चालू असताना जी२७, जी२८, जी२९, जी३० हे रेफरन्सला जाणारे आणि जी५२ ते जी५९, जी९२ हे कोऑर्डिनेट बदलणारे कोड देऊ नयेत. वाचायला सोपं वाटतं. पण तुमच्या मशीनचा एम०६ (टूल बदलायचा कोड) आत काय करतो ते पाहिलंय का? पुष्कळ मशीनवर टूल चेंज हा मॅक्रो असतो आणि त्याच्या पोटात जी२८ किंवा जी३० बसलेला असतो. म्हणजे प्रत्येक टूल बदलण्याआधी जी६९, आणि नवीन टूल आल्यावर पुन्हा जी५४, जी६८. आमच्याकडे पोस्ट प्रोसेसरमध्येच (कॅम सॉफ्टवेअरमधून मशीनचा प्रोग्रॅम काढणारा भाग) तसं बसवून घेतलंय. प्रत्येक टूलचा तुकडा स्वतःच्या जी६८ ने सुरू होतो आणि जी६९ ने संपतो. जुना_फिटर काकांच्या तिसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरवर इलाज हाच. त्याने टी५ (पाच नंबरचं टूल) पासून चालू केलं तरी टी५ च्या डोक्यावर जी६८ आहेच.

जी६९ नंतरची पहिली चाल जी९० मध्ये (झिरोपासूनच्या मापात), एक्स आणि वाय दोन्ही देऊन. तिथे जी९१ ची (आहे तिथून पुढच्या मापाची) चाल दिलीत तर ती बरोबर होत नाही, हेही मॅन्युअलमध्ये आहे. आधी झेड वर, मग जी६९.

कटर कॉम्प (जी४१ वगैरे, कटरच्या त्रिज्येची भरपाई) जी६८ च्या आत सुरू करायचा आणि आतच जी४० ने संपवायचा. जी४१ चालू असताना जी६८ किंवा जी६९ देऊ नका. पॉकेट आहे म्हणालात म्हणून सांगितलं.

एक्स-वाय न देता नुसतं जी६८ आर०.२ दिलं तर टूल त्या क्षणी जिथे उभं असेल ते फिरवण्याचं केंद्र धरलं जातं. पहिल्या जॉबला टूल झिरोवर उभं होतं म्हणून चाललं, दुसऱ्याला दुसरीकडे होतं म्हणून गेलं, असले किस्से यातूनच होतात. एक्स०. वाय०. लिहायचा आळस करू नका.

दशांश बिंदूही. बहुतेक सेटिंगवर आर५ म्हणजे ०.००५ अंश. आर५. म्हणजे पाच अंश. हा फरक जीवघेणा आहे.

चिप्स_आणि_कूलंट

+१. आणि जी६८ मध्ये नुसतं एक्स१००. दिलं तरी वाय अक्षही हलतो, हे ऑपरेटरला आधी सांगून ठेवा. आमचा एक मुलगा घाबरून फीड होल्ड दाबायचा. त्याचं बरोबरच होतं म्हणा, कारण क्लॅम्प प्रोग्रॅमबरोबर फिरत नाहीत. पाव अंशाला काही नाही, पण ३०-४० अंश फिरवलं की रॅपिडच्या वाटा पार बदलतात.

जुना_फिटर

वाघोडियावाल्यांनी माझी तक्रार मान्य करून तिच्यावर तोडगाही दिला, ठीक. आता दुसरी तक्रार ऐका, हिला तोडगा नाही.

जॉब सरळ असेल तर एक्समध्ये लांब कड मारताना एकच अक्ष धावतो. जॉब ०.२ अंश तिरका ठेवून जी६८ ने तीच कड मारलीत तर ३८० च्या प्रवासात वाय १.३ मिमी सरकतो. म्हणजे एक्स दर ०.२९ मिमी गेला की वाय एक मायक्रॉन. इतक्या मंद चालीत वायचा स्क्रू आणि गाइडवे घर्षणाने अडतो, सुटतो, अडतो, सुटतो. नव्या मशीनवर दिसणार नाही. आमच्या मशीनसारखं वय झालेलं आणि बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) असलेलं मशीन असेल तर लांब फिनिश कडेवर बारीक लाटा दिसतात. नख फिरवलं की कळतं.

भोकं, टॅप असतील तर खुशाल फिरवा, तिथे एक्स-वाय जाऊन उभे राहतात आणि काम झेड करतो. पण लांब स्लॉट, कीवे (चावीची खाच), गाइडची कड? मॅलेट.

शून्यबिंदू

काका, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मॅन्युअलमध्ये हा कुठे सापडणार नाही. मकरपुराभाऊंच्या पॉकेटच्या भिंतींना फिनिशचं चिन्ह काय आहे ते बघावं लागेल.

माझ्याकडून आणखी एक मर्यादा. फानुकवर साधारणपणे कोन ०.००१ अंशापर्यंतच घेतला जातो. ०.००१ अंश म्हणजे ५०० मिमीवर जवळपास ०.००९ मिमी. दीड फुटाच्या प्लेटला काही वाटत नाही, लांब जॉबला फिरवण्याचं केंद्र एका टोकाला ठेवलं की दुसऱ्या टोकाला हे जाणवू लागतं. आणि मोजणीच्या चुकीचंही तसंच: दोन बिंदू जेवढे लांब तेवढा कोन भरवशाचा. १०० मिमीवर कोन मोजून ६०० मिमीवर भोक मारू नये.

गावठी_राउटर

माझ्याकडे घरी बनवलेला राउटर आहे, जीआरबीएल (छोट्या मशीनचं फुकट कंट्रोल सॉफ्टवेअर) वर चालतो. जी६८ दिला तर एरर येतो. काय करावं?

चिप्स_आणि_कूलंट

जीआरबीएलमध्ये जी६८ नाहीच. कॅममध्येच डिझाइन तेवढ्या अंशाने फिरवून नवा प्रोग्रॅम काढा. लिनक्ससीएनसीवर गेलात तर तिथे मजा आहे: जी१० एल२ पी१ आर०.२ असं एकदा दिलं की जी५४ च्याच पोटात कोन बसतो, प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

वाघोडिया_लाइन

मोठ्या कंट्रोलवरही तेच आहे. सिमेन्सच्या ८२८ डी, ८४० डी वर वर्क ऑफसेटच्या तक्त्यातच झेडभोवतीच्या फिरवणीचा रकाना असतो. हायडेनहाइनवर त्याला बेसिक रोटेशन म्हणतात, प्रीसेटबरोबर साठवता येतं. सेटरने मोजायचं, तिथे भरायचं, प्रोग्रॅमरला काही कळायचीही गरज नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो. जॉब तिरका बसला ही सेटिंगची गोष्ट आहे, ती प्रोग्रॅममध्ये का जावी? फानुकच्या साध्या जी५४ मध्ये एक्स, वाय, झेड आहेत, कोन नाही. म्हणून आपण प्रोग्रॅममध्ये जी६८ घुसडतो.

सिमेन्सवर प्रोग्रॅममधून करायचं असेल तर आरओटी आरपीएल=०.२. पण आधी ट्रान्स (मूळ सरकवणारा कोड) दिलेला असेल तर आरओटी तो पुसून टाकतो. तिथे एआरओटी द्या, तो आधीच्यावर भर घालतो.

मकरपुरा_सेटर

मग फानुकवर दर प्लेटला प्रोग्रॅम उघडून आर बदलायचा? प्लेटी बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचा कोन वेगळा बसणार. एडिट की मुलांच्या हाती द्यायची माझी तयारी नाही.

वाघोडिया_लाइन

आर मध्ये आकडा लिहूच नका. आर#५०१ लिहा. #५०० पासूनचे व्हेरिएबल वीज गेली तरी टिकतात. #१०० वाले मशीन बंद केलं की रिकामे होतात. ऑपरेटर मॅक्रोच्या पानावर #५०१ मध्ये कोन भरेल, प्रोग्रॅम कुलूपबंद. त्याहून बरं म्हणजे त्याला कोनही काढायला लावू नका. #५०२ मध्ये एक्सचा फरक, #५०३ मध्ये वायचा फरक भरायचा, आणि प्रोग्रॅमच्या डोक्यावर

#५०१=एटॅन[#५०३]/[#५०२]

दोन अटी मात्र त्याच्याखाली टाका. #५०२ किंवा #५०३ रिकामा असेल तर #३००० ने अलार्म. आणि दोन फरकांवरून काढलेलं अंतर ३८० पासून, समजा, ०.०५ पेक्षा जास्त हटलं तरी अलार्म. कालच्या प्लेटचा आकडा आज तसाच राहिला तर दुसरी अट तो पकडणार नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी प्रोग्रॅमच्या शेवटी #५०२ आणि #५०३ दोन्ही #० करून रिकामे करायचे. मग नवीन प्लेटला आकडे न भरता सायकल स्टार्ट दाबली की पहिल्याच ओळीला मशीन थांबेल.

तरसाली_आयटीआय

एखादी प्लेट उलट्या बाजूला फिरली असेल तर एटॅन ३५९ पुढचं काहीतरी देतो. ते चालतं का?

वाघोडिया_लाइन

चालतं. ३५९.७४ आणि उणे ०.२६ एकच. उत्तर शून्य ते ३६० मध्ये हवं की उणे १८० ते १८० मध्ये, ते पॅरामीटर ६००४ चा शून्य बिट ठरवतो. ऑपरेटरला उणे ०.२६ वाचायला बरं पडतं, म्हणून आम्ही तो बदलून घेतलाय.

पॅरामीटरचाच विषय निघालाय तर ५४०० चा शून्य बिटही बघून ठेवा. तो १ असेल तर जी९१ मध्ये दिलेला आर आधीच्या कोनात मिळवला जातो. गोल फ्लँजवर तोच पॉकेट दर ६० अंशाला मारताना सबप्रोग्रॅममध्ये हे फार कामाचं, पण तुमच्यासारख्या कामात अचानक सापडलं तर तारांबळ.

रावपुरा_रोड

मी यंत्रातला माणूस नाही, बँकेतला. तरी शेवटपर्यंत वाचलं. एक बाळबोध प्रश्न: प्लेट तिरकी असेल तर नकाशा तिरका करायचा, एवढंच ना? मग मशीन स्वतःच का करत नाही?

शून्यबिंदू

प्रोब असलेलं मशीन करतं की. टोकाशी माणिक बसवलेला प्रोब स्पिंडलमध्ये लावायचा, तो जी३१ ने दोन बोअर स्वतः शिवतो, कोन व्हेरिएबलमध्ये टाकतो आणि पुढे निघतो. मकरपुराभाऊंकडे तो नाही, म्हणून एवढी खटपट. प्रश्न बाळबोध नाही हो रावपुराकाका.

जुना_फिटर

अवांतर: कलाभवनातून शिकून आलेल्या लोकांच्या हाताखाली मी लागलो तेव्हा ते आधी फक्त मोजायला शिकवायचे. कापायचं नंतर. महिनाभर नुसता डायल.

रावपुरा_रोड

कलाभवन म्हटलं की राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० ला सुरू केलं, पुढे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा तिथेच झाली. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले.

चिप्स_आणि_कूलंट

बडोदेकरांच्या कुठल्याही धाग्यावर फाळके येईपर्यंत धागा पूर्ण होत नाही. आता सेव-उसळ तेवढी राहिली.

मकरपुरा_सेटर

मंडळी, पहिली खरी प्लेट काल लागली. वृत्तांत.

प्लेट उतरवली, डोळ्याने जमेल तेवढी सरळ ठेवली, क्लॅम्प आवळले. पहिल्या बोअरमध्ये डायल, जी५४ चा झिरो. दुसऱ्या बोअरचं केंद्र: एक्स फरक ३७९.९९६, वाय फरक उणे १.७२४. वर्गमूळ काढलं तर ३८०.०००, म्हणजे देणाऱ्याने बोअर छान मारलेत. कोन उणे ०.२६. जी६८ लावून एक्स३८०. वाय०. ला गेलो, डायल पूर्ण फिरवला, काटा एका रेघेच्या आत.

टूल चेंजचा मॅक्रोही उघडून बघितला. वाघोडियावाले म्हणाले तसं, आत जी२८ बसलाय. सगळ्या टूलच्या तुकड्यांना जी६८-जी६९ लावून घेतलं. पहिल्यांदा झेड ५० वर ठेवून हवेतच सिंगल ब्लॉकमध्ये चालवलं. बारा भोकं झाली, गेज लावून बघितली, बसली.

पॉकेटच्या भिंतीला लाटा नाहीत, आखूड आहे म्हणूनही असेल. पण जुना_फिटर काका, याच गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या जॉबला ४५० लांबीचा कीवे आहे, फिनिशचं चिन्हही कडक आहे.

जुना_फिटर

मॅलेट कुठे ठेवलाय ते माहीत आहे ना?

मकरपुरा_सेटर

माहीत आहे काका 🙏 त्याला डायल लावूनच करणार.

एक अडचण मात्र उरलीय. प्लेटच्या खालचा पृष्ठ मशीन केलेला नाही, गॅस-कट प्लेट आहे. ती टेबलावर किंचित डुगडुगते, एका कोपऱ्याखाली शिम (पातळ पत्रा) घालावा लागला. म्हणजे झेडमध्येही कल असणार. तो जी६८ ने निघतो का?

शून्यबिंदू

तीन अक्षांच्या मशीनवर नाही. तुमचा जी६८ एक्स-वायच्या पातळीत फिरवतो, स्पिंडल उभा तो उभाच राहणार. जी६८.२ किंवा जी५४.४ च्या गोष्टी वाचाल, त्या पाच अक्षांच्या मशीनसाठी. इथे शिमच. आधी तीन पॅडवर टेकवा, चौथा कोपरा नंतर जॅकने नुसता शिवेल एवढाच आधार द्या, आणि वरच्या पृष्ठावर डायल फिरवून मग क्लॅम्प आवळा. क्लॅम्प पॅडच्या बरोबर वरच यायला हवेत, नाहीतर आवळताना प्लेट वाकते आणि सोडल्यावर भोकं तिरपी.

तरसाली_आयटीआय

तीनच पॅड का? चारवर जास्त घट्ट बसणार ना?

वाघोडिया_लाइन

याला नवा धागा काढा, इथे उत्तर दिलं तर काका शिमच्या जाड्यांवर रात्रभर लिहितील.

जुना_फिटर

काढा धागा. लिहितो.